घाटावरून पाहिलेले चौल

परभणीहून चौलला जायचे तर रात्रीची देवगिरी पकडून मुंबई गाठावी लागते. सकाळी गेटवेवरून मांडव्याची लाँच, मांडव्याहून अलिबाग आणि तिथून रेवदंड्याची एसटी. पहिल्यांदा मी असाच गेलो, म्हणजे समुद्राच्या बाजूने. पिशवीत चौलवरच्या पुस्तकांच्या झेरॉक्स होत्या. ती पुस्तकेही माझ्यासारखीच समुद्राच्या बाजूने चौलमध्ये शिरतात, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. ते आणून दिले एका आजींनी. हमामखान्याची वाट विचारायला मी एका वाडीच्या बेड्याशी थांबलो होतो. आजी सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या.

"कुठचे तुम्ही?"

"परभणीचा."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे घाटावरचे," म्हणाल्या आणि हाताने वाट दाखवली.

परभणीच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला कोणी घाटावरचा म्हणत नाही. पण आजींच्या त्या शब्दात चौलची निम्मी गोष्ट होती. सह्याद्री चढून पलीकडे जो काही मुलूख पसरला आहे, जुन्नर असो, नगर असो, बीदर असो की आमची पाथरी, तो सगळा त्यांच्या लेखी एकच. बंदराच्या लेखीही तो एकच होता. माल तिकडून येई आणि तिकडे जाई. या लेखात मला चौलचा इतिहास सांगायचा नाही, तो बऱ्याच जणांनी सांगितला आहे. तो ज्या तऱ्हेने सांगितला जातो त्याबद्दल थोडी तक्रार करायची आहे, आणि त्या तक्रारीत माझ्या स्वतःच्या एका जुन्या लेखाचाही समावेश आहे.

चौलविषयी कोणी कोणी लिहिले ते पाहू. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' लिहिले. त्यात कल्याणच्या पुढच्या बाजारपेठांत 'सेमिल्ला' येते. टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुलाच्या दात्यांची नोंद आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी या अरब प्रवाशाने 'सैमूर' पाहिले. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता, आणि मसूदीच्या अंदाजाने गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन इथे उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोझा आणि त्याच्यानंतर लिन्शोटेन. यातले कान्हेरीचे दाते सोडले तर सगळे पाहुणे गलबतातून आलेले, किंवा गलबतातून आलेल्यांचे ऐकून लिहिणारे. त्यांनी काय पाहिले? धक्का, जकात, दलाल, गोदाम. ज्यांनी मागच्या बाजूने गोणी आणल्या त्यांनी काही लिहून ठेवले नाही.

एकोणिसाव्या शतकात ही मांडणी पक्की झाली. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. मोठा मेहनती माणूस. नाणी, शिलालेख, पोर्तुगीज बखरी सगळे त्यांच्या हाताखाली होते. मी त्यांचा ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचला आणि माझ्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला त्यातून संदर्भ कसा द्यायचा हेही कळले. पण त्यांची साधने पोर्तुगीज आहेत, म्हणून त्यांचे चौलही मुख्यतः पोर्तुगीजांचे आहे: तटाच्या आतले, चर्चचे आणि कप्तानांचे. १८८३ चे कुलाबा गॅझेटियर त्याच वाटेने जाते. त्यानंतरचे मराठी लेखन या दोघांच्या खांद्यावर बसून झाले आहे आणि त्याबद्दल कोणाला दोष द्यावा असे नाही. दोष असलाच तर एवढाच, की खांद्यावर बसलेल्याला उतरून चालावेसे वाटले नाही.

आता जी प्रवासवर्णने आणि सहलीची माहितीपत्रके निघतात त्यांत तर द कुन्हांचा अभ्यासही उरलेला नाही. उरतो तो 'मुंबईजवळचा दोन दिवसांचा विसावा'. रेवदंड्याचा काळसर वाळूचा किनारा, पोर्तुगीज तट, खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह, मासे, घरगुती जेवण. मग पाठीला पाठ लावून तीच वाक्ये: चौल दोन हजार वर्षे अखंड गजबजलेले बंदर होते, इथे तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, चाफ्यावरून चंपावती आणि बलरामाच्या रेवतीवरून रेवदंडा.

या तीनशे साठचा मी पाठलाग करून पाहिला. गॅझेटियरमध्ये तो लोकांत सांगितली जाणारी गोष्ट म्हणून येतो. पुढच्या लेखनात 'असे म्हणतात' हे दोन शब्द गळतात आणि आकडा तेवढा शिल्लक राहतो. आमच्याकडेही जुन्या गावांच्या देवळा-बारवांचे आकडे असेच वर्षाच्या दिवसांना जाऊन मिळतात. ती मोजदाद नसते, गाव मोठे होते असे म्हणण्याची ती एक रीत असते. लोककथेला मी कमी लेखत नाही. पण आकडा एकदा फलकावर चढला की पाहणारा तळी मोजू लागतो, चार-पाच सापडतात, आणि रामेश्वराच्या देखण्या पुष्करणीसमोर उभे राहूनही बाकीची गेली कुठे म्हणून खट्टू होतो.

'अखंड दोन हजार वर्षे' हे त्याहून गोंधळाचे. पेरिप्लसमधले सेमिल्ला, मसूदीचे सैमूर, निजामशाहीतले चौल आणि पोर्तुगीजांचे रेवदंडा ही नावे एका खाडीकाठची आहेत, पण वस्ती सरकत राहिली, धनी बदलत राहिले, मधले कित्येक काळ आपल्याला अंधारातच आहेत. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलमध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष हाती आले, ते वाड्यांच्या भागात. पर्यटक मात्र तटाच्या आत फोटो काढून 'सातवाहनकालीन बंदर' असे खाली लिहितात. पोर्तुगीजांचा कोट १५२१ मध्ये सुरू झाला. स्थानिक लोक त्याला आगरकोट म्हणतात.

बार्बोझा हा पोर्तुगीजच, पण त्याच्या वर्णनात एक परिच्छेद असा आहे की तो वाचून मी उठून बसलो. तो म्हणतो, या गावात एरवी फारशी माणसे राहत नाहीत. डिसेंबर ते मार्च हे चार महिने तेवढी गर्दी. त्या दिवसांत देशावरच्या गावांतून व्यापारी येतात, बंदरापासून थोडे आत दुकाने मांडतात आणि हंगाम संपला की सौदे आटोपून पुढच्या वर्षापर्यंत निघून जातात. माल येतो तो शिकवलेल्या बैलांच्या पाठीवरून. बैलांवर खोगिरे, त्यांवर आडव्या टाकलेल्या लांब गोणी, आणि वीस-तीस बैलांमागे एक हाकणारा.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. पाठाळ बैल, गोणी, तांडा. हे शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी होते. आणि चार महिने भरून आठ महिने ओस पडणारे गाव म्हणजे काय, हे मालेगावची जत्रा पाहिलेल्याला कळते. नांदेड जिल्ह्यातल्या त्या खंडोबाच्या जत्रेत अजून घोडे विकायला येतात. बार्बोझाचे चौल मला तसे दिसते: समुद्राला लागून भरणारा मोठा बाजार, ज्याची एक बाजू होर्मुझच्या घोड्यांची आणि दुसरी बाजू देशावरच्या कापडा-धान्याची. अशा गावात वारसा शोधायचा तर भिंती थोड्याच मिळणार. राहुट्यांचे अवशेष राहत नाहीत, बैलवाटा शेतात जातात. म्हणून भिंत बांधणारा पाहुणा, जो दोनशे वीस वर्षेही टिकला नाही, तोच आज सगळे चौल होऊन बसला आहे.

समुद्राने येऊन घाटाने गेलेला एकच प्रसिद्ध लेखक आहे, निकितीन. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. रशियाहून आलेला म्हणून त्याचे कौतुक होते, ते योग्यच. पण त्याच्या लेखनातली मोलाची गोष्ट मला वेगळी वाटते. तो चौलला न थांबता घोडा घेऊन आत चालू लागला आणि दिवस मोजत गेला. चौल ते पाली आठ दिवस, पाली ते उमरी दहा दिवस, मग जुन्नर. आज एसटी चौलहून पालीला काही तासांत पोचवते. त्याचे आठ दिवस का लागले यावर अभ्यासक वेगवेगळे बोलतात, पालीही कोणती यावर बोलतात. काहीही असो, बंदर आणि बाजार यांच्यामधले अंतर त्याने पायाने मोजले. जुन्नरला त्याने पावसाळ्याचे दोन महिने काढले, तिथल्या अंमलदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अडवले, एका खुरासानी ओळखीच्याने तो परत मिळवून दिला. तो घोडा शेवटी बीदरकडे जाऊन विकला गेला. बीदर आमच्या बाजूचे. होर्मुझहून समुद्रमार्गे आलेला एक घोडा चौलच्या धक्क्यावर उतरून मांजरेच्या खोऱ्याजवळ विकला जातो, याहून चौलची व्याख्या ती काय करायची? स्मारक पाहून परत किनाऱ्यावर जाणाऱ्याला हे कळत नाही. निकितीनकडे पाहायचे तर पाठ समुद्राकडे करावी लागते.

आता माझी चूक. साधारण बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका स्मरणिकेत मी 'पाथरीचे बंदर' नावाचा लेख लिहिला होता. शीर्षक मला फार आवडले होते. मांडणी अशी: चौल निजामशाहीचे बंदर, निजामशाही मूळची पाथरीच्या कुलकर्ण्यांची, म्हणून चौल आमचे.

आधार होता फिरिश्त्याचा. तो सांगतो की अहमदनगरच्या मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, तिमाभट हे त्याचे पहिले नाव. बहमनी फौजेने त्याला विजयनगरच्या मुलखात पकडून नेले आणि मुसलमान केले. त्याच्या बापाचे नाव भैरव. शहजाद्याला ते उच्चारता येईना, तो 'बहरी' म्हणू लागला, तेच घराण्याला चिकटले. हे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो ऐकेना म्हणून १५१८ मध्ये पाथरी घेतली. ती हातची गेली, पुन्हा घेतली, आणि आपल्या ब्राह्मण नातलगांना देऊन टाकली. एका सुलतानाने वाडवडिलांच्या गावासाठी लढाई करावी, ही गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या कोणालाही भुरळ घालील. मलाही घातली.

पण फिरिश्त्याच्याच काळात सय्यद अली तबातबाने निजामशाहीचा दरबारी इतिहास लिहिला, 'बुरहान-इ-मआसिर'. त्यात हे घराणे बहमनी राजघराण्यातून आल्याचे दाखवले आहे. तबातबा धन्याची स्तुती करणारा म्हणून मी त्याला एका वाक्यात बाजूला सारले होते. फिरिश्त्याने मात्र अहमदनगर सोडून विजापूरच्या आदिलशहाचा आश्रय घेतला होता आणि प्रतिस्पर्धी घराण्याचे मूळ सामान्य दाखवण्यात त्यालाही काही अडचण नव्हती, हे मी वाचकाला सांगितले नाही. आजही मला फिरिश्त्याचीच हकीकत जास्त संभाव्य वाटते, कारण पाथरीवरच्या दोन स्वाऱ्यांना दुसरे पटेल असे कारण दिसत नाही. पण 'संभाव्य' हा शब्द माझ्या लेखात नव्हता. तिथे 'निर्विवाद' होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. त्याच लेखात मी पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथील कापड आमच्या रानातून चौलला आणि तिथून रोमला जात असे, असे ठोकून दिले होते. पेरिप्लस तसे म्हणत नाही. त्यात पैठणचे गोमेद-अकीक आणि तगरचे साधे व तलम कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून जाते ते भडोचला. पैठण भडोचहून वीस दिवसांवर आणि तगर त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर, असे अंतरही दिले आहे. आणि पैठण-तेर अशी रेघ नकाशावर ओढली तर ती बीडमधून जाते. आमचा जिल्हा बाजूला राहतो.

भोकरदनच्या उत्खननातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि तेरची तशीच मूर्ती यांचे १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे, हे खरे. मराठवाड्याचा पश्चिमेशी व्यापार होता याला एवढा पुरावा पुष्कळ झाला. त्यासाठी चौलला ओढून आणायची गरज नव्हती. तेरला लामतुरे संग्रहालयात ते सारे पाहिले की कोणाचेही समाधान व्हावे. दुकानदारी सांभाळून वस्तू गोळा करणाऱ्या एका माणसाच्या छंदातून ते संग्रहालय उभे राहिले, म्हणून मला ते विशेष प्रिय आहे. मी दुरुस्तीचे पत्र स्मरणिकेकडे पाठवले, पण पुढचा अंक निघालाच नाही. म्हणून ती दुरुस्ती इथे नोंदवतो. मूळ लेखातला मजकूर दोन-तीन ठिकाणी माझ्या नावाशिवाय फिरताना मला दिसला आहे. तीनशे साठ तळ्यांवर हसणाऱ्याने हेही सांगायला हवे.

तेव्हा चौल पाथरीचे, हा दावा मी मागे घेतो. राहते ते एवढे: १४९० नंतर चौलची मागची बाजू अहमदनगरच्या हातात होती आणि त्या दरबाराचे एक टोक, बहुधा, गोदाकाठी होते. कोट बांधायची परवानगी पोर्तुगीजांना बुऱ्हाण निजामशहानेच दिली. तोच बुऱ्हाण, जो त्याच सुमारास पाथरीसाठी भांडत होता. त्याच्या नातवाने, मुर्तजाने, १५७० च्या अखेरीस तो कोट वेढला आणि सहा-सात महिने झुंजून १५७१ मध्ये तह केला. आपल्या सरदारांना पोर्तुगीजांनी दारू पुरवून फितवले, असे फिरिश्ता नोंदवतो. १५९४ मध्ये कोर्लईची टेकडीही पोर्तुगीजांनी घेतली. मराठ्यांच्या वेढ्यानंतर १७४० मध्ये ते गेले आणि मागे कोर्लई गावात त्यांच्या भाषेचा मराठीत भिजलेला एक अवतार तेवढा राहिला, जो तिथली ख्रिस्ती कुटुंबे घरात अजून बोलतात.

या सगळ्यात ज्या चौलमधून निजामशाही बाजार चाले ते वरचे चौल सहलीच्या कार्यक्रमात नसते. राजकोट जवळजवळ नाहीसा झाला आहे. हमामखाना वाड्यांच्या गर्दीत आहे, कलावंतिणीचा वाडाही. मी गेलो त्या दिवशी हमामखान्यात माझ्याशिवाय कोणी नव्हते. छताच्या झरोक्यातून उजेड पडत होता आणि एक कुत्रे गारव्याला झोपले होते. त्याच सुमारास रेवदंड्याच्या तटाजवळ चार मोठ्या बसगाड्या उभ्या होत्या. सातखणी मनोऱ्याचे जे मजले उरले आहेत त्यांच्यापुढे रांग लागली होती. तिथून थोड्या अंतरावर बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे. शनवार तेली म्हणून ओळखली जाणारी, चेऊलकर आडनाव लावणारी ही माणसे. तिकडेही कोणी फिरकले नाही. चौलचे रेशीम विणणारे मुंबईला गेले, काळबादेवीजवळ चेऊलवाडी हे नाव ठेवून. मुंबईहून येणारा पाहुणा ते नाव रोज ओलांडत असतो.

लोक येऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. पर्यटन वाढले तर वाडीवाल्याच्या घरात चार पैसे येतात, आणि सुपारीच्या भावावर जगणाऱ्याला ते हवेच आहेत. पण वाडीच्या मधोमध उभ्या असलेल्या जुन्या भिंतीचे काय करायचे हा प्रश्न त्याच्याच डोक्यावर आहे. ती पाडली तर गुन्हा, राखली तर खर्च, आणि पाहुणा मात्र किनाऱ्यावर. बाहेरच्याने वरच्या चौलमध्ये यायला लागावे, विचारून बेड्यातून आत शिरावे, शहाळे प्यावे, तर भिंत राखण्याला काही अर्थ येईल. त्यासाठी आधी लिहिणाऱ्यांनी तटाच्या बाहेर पडायला पाहिजे.

आमच्याकडे याच्या उलट झाले आहे. पाथरीला लोक येतात ते साईबाबांचे जन्मस्थान म्हणून. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि शिर्डीने बंद पाळला. वारसा म्हटले की जन्मस्थान कोणाचे, यापलीकडे वाद जात नाही. पाथरीसाठी दोन सुलतान लढले, हे पाथरीत सांगणारे फार थोडे आहेत. चारठाण्याची देवळे पाहायला तर जिल्ह्यातलेच लोक जात नाहीत.

दुसऱ्यांदा मी चौलला गेलो तो जुन्नरवरून. नाणेघाटातला जकातीचा रांजण पाहिला, माळशेजने उतरलो आणि पाली, नागोठणे करीत एसटीने दुपारी चौलला लागलो. निकितीनची वाट नेमकी हीच असे नाही. पण घाट उतरताना हवा जड होत जाते, ज्वारी संपून भात लागतो आणि शेवटच्या टप्प्यात खाडीचा वास येतो, हे लाँचमधून आलेल्याला मिळत नाही. ज्यांना जमेल त्यांनी तसे यावे. बार्बोझाचा हंगाम डिसेंबर ते मार्च, तोच बरा. आजींच्या वाडीवरून मी मुद्दाम गेलो. त्या घरात नव्हत्या. सूनबाईंनी मला ओळखले नाही, पण हमामखान्याची वाट न विचारताच दाखवली.